हुंडणावळीचा दर आणि शेतकऱ्याचा बाजार

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव उसाचे गाव म्हणून सर्वांस परिचित आहे. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने येथे साखर कारखाना उभारला. पुढील काळात पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे नावही याच गावाशी जोडले गेले. येथील शेतकऱ्याचा ऊस कारखान्यास जातो, उसाचे बिल रुपयांत मिळते आणि त्याच रुपयांतून घरखर्च व पुढील लागणीचा खर्च भागविला जातो. या सर्व व्यवहारात डॉलर नावाच्या नाण्याचे दर्शन कोणासही घडत नाही. तेव्हा ‘डॉलरच्या तुलनेत रुपया घसरला’ अशी वार्ता ऐकली म्हणजे तिचा संबंध मुंबईच्या पेढ्यांशी असावा, आपल्या गावाशी नसावा, असे शेतकऱ्यास वाटल्यास नवल नाही.

परंतु काही दिवसांनी तेलाचा डबा महागतो. खताच्या गोणीवरील किंमत बदलते. दुकानदार ‘वरूनच भाव वाढला’ एवढेच उत्तर देतो आणि गिऱ्हाईक दुकानदारासच दोष देऊन घरी परततो. ग्रामसेवक व कृषि सहायक यांच्याकडे अशा तक्रारी नेहमी येतात. त्यांचे समाधान करावयाचे असेल, तर हा भाव ‘वरून’ खाली कसा येतो, वाटेत कोठे अडतो आणि कोठे मुळीच पोहोचत नाही, हे कार्यकर्त्यास प्रथम ठाऊक असावयास हवे.

दर म्हणजे काय?

एका देशाचे चलन देऊन दुसऱ्या देशाचे चलन ज्या भावाने मिळते त्यास विनिमय दर म्हणतात. आपल्या जुन्या व्यापारी भाषेत यास हुंडणावळीचा दर असे नाव आहे. डॉलर ही एक वस्तूच समजावी. ज्यांना परदेशातून माल आणावयाचा आहे ते ती विकत घेतात. ज्यांनी परदेशात माल विकला आहे ते ती विकतात. घेणारे अधिक झाले की तिचा भाव चढतो.

१९६६ पर्यंत हा भाव सरकार ठरवीत असे आणि एका डॉलरला ४ रु. ७६ पैसे पडत. ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले व हा भाव ७ रु. ५० पैसे झाला. जुलै १९९१ मध्ये, परकीय चलनाची गंगाजळी आटली असता, दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले. मार्च १९९३ पासून मात्र हा दर मुख्यतः बाजारातच ठरतो. फार चढउतार होऊ लागल्यास रिझर्व्ह बँक डॉलरची खरेदी-विक्री करून त्यास आवर घालते. जुलै २०२२ मध्ये डॉलरने प्रथमच ८० रुपयांची पातळी गाठली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० रुपयांची सीमा ओलांडली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. १९६६ चे अवमूल्यन कोणी शेकडा ३६.५ सांगतात, तर कोणी शेकडा ५७.५. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाची डॉलरमधील किंमत शेकडा ३६.५ ने उतरली. परंतु डॉलरची रुपयांतील किंमत शेकडा ५७.५ ने चढली. पूर्वी ज्या मालास ४७६ रु. पडत त्यास ७५० रु. पडू लागले. ज्यास वस्तूच्या भावाचा हिशेब करावयाचा आहे त्याने नेहमी हा दुसरा आकडा घ्यावा. ८० वरून ९० हा बदल या हिशेबाने शेकडा साडेबारा होतो.

तेलाच्या डब्याचे उदाहरण

आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आयात होते. पामतेल इंडोनेशिया व मलेशिया येथून, सोयाबीन तेल अर्जेंटिना व ब्राझील येथून, तर सूर्यफूल तेल रशिया व युक्रेन येथून येते. समजा, कच्च्या पामतेलाचा भाव टनास १,१०० डॉलर आहे, म्हणजे किलोस १.१० डॉलर. डॉलर ८० रुपयांना असता बंदरात हे तेल ८८ रु. किलो पडेल, ९० रुपयांना असता ९९ रु. पडेल. परदेशातील विक्रेत्याने एक पैसाही वाढविलेला नाही, तरी ११ रुपये वाढले.

गोष्ट येथेच संपत नाही. आयातीवरील जकात ही शेकडेवारीने घेतली जाते आणि ती रुपयांतील किमतीवर बसते. कच्च्या खाद्यतेलावरील जकात, अधिभार धरून, सप्टेंबर २०२४ मध्ये शेकडा २७.५ करण्यात आली व मे २०२५ अखेर ती शेकडा १६.५ वर आणली गेली. या दुसऱ्या दराने पहिल्या तेलाची किंमत सुमारे १०२.५० रु. होते आणि दुसऱ्याची ११५.३० रु. म्हणजे फरक ११ रुपयांचा न राहता पावणेतेरा रुपयांच्या घरात गेला. रुपया घसरला असता जकातीचा दर न वाढविताही जकातीचे रुपये वाढतात, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

ज्या घरात महिन्यास चार किलो तेल लागते त्या घरास हा बोजा पन्नास रुपयांच्या आसपास पडेल. परंतु आपण करडईचे वा शेंगदाण्याचे तेल खातो, पामतेल खात नाही, असे म्हणणाऱ्यासही यातून सुटका नाही. एक तेल महागले की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे वळते आणि मागणी वाढल्याने दुसरेही चढते. आयात माल ज्या घरात कधी येत नाही त्या घरातही आयात मालाचा भाव असा मागील दाराने शिरतो.

याची दुसरी बाजूही आहे. बार्शीकडील शेतकरी सोयाबीन पिकवितो. आयात तेल महाग झाले की देशी सोयाबीनच्या भावास आधार मिळतो. एकाच घरात स्वयंपाकघर रडते आणि खळे हसते, असा प्रकार होतो. कोणाचे पारडे जड राहील हे त्या घरी किती विकले जाते व किती विकत आणले जाते यावर अवलंबून आहे. भूमिहीन मजुराच्या घरी मात्र खळेच नसते.

भाव सर्वत्र सारखा का पोहोचत नाही?

मंगळवेढ्याच्या ज्वारीस डॉलरशी फारसे देणेघेणे नाही. तिचा भाव पावसावर व पेऱ्यावर ठरतो. भाजीपाल्याचेही बव्हंशी तसेच. २०१२ हे वर्ष पायाभूत धरून केलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेये यांचा भार शेकडा ४६ च्या आसपास होता. यातील बराचसा माल देशातच पिकतो. म्हणून रुपया शेकडा ५ ने उतरला तर एकंदर महागाई शेकडा ५ ने वाढत नाही. रिझर्व्ह बँकेचे अंदाज पाहता ही वाढ अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते.

१९६६ चा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. त्या वर्षी अवमूल्यनानंतर धान्याचे भाव कडाडले आणि लोकांनी सारा दोष अवमूल्यनास दिला. परंतु १९६५-६६ व १९६६-६७ ही दोन्ही वर्षे दुष्काळाची होती आणि परदेशी गव्हावर देशाची गुजराण चालली होती. भाववाढीत अवमूल्यनाचा वाटा होता खरा, पण पाऊस पडला असता तर ती एवढी भडकली नसती. आजही प्रत्येक महागाईचे खापर डॉलरवर फोडण्यापूर्वी आपल्या शिवारातील व जवळच्या बाजारपेठेतील कारणे आधी पाहावीत.

याउलट सोन्याचा भाव त्याच दिवशी हलतो. सोने जवळजवळ सर्वच बाहेरून येते, त्याचा जागतिक भाव डॉलरमध्ये असतो आणि मध्ये अडविणारे कोणी नाही. तेलाचा भाव काही आठवड्यांनी हलतो, कारण व्यापाऱ्यापाशी जुना साठा असतो आणि बोटीवरील मालाचा सौदा आधीच झालेला असतो. डिझेलचे आणखी निराळे आहे. देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल आयात होते, आणि ऑक्टोबर २०१४ पासून डिझेलचा भाव कायद्याने मोकळा आहे. असे असूनही मे २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत पंपावरील भाव जवळजवळ जागचा हलला नाही. मार्च २०२४ मध्ये तो लिटरला २ रुपयांनी कमी झाला. त्या काळात रुपया तर उतरत होता. तेल कंपन्यांनी कधी तोटा सोसला, कधी स्वस्त कच्च्या तेलाचा नफा आपल्यापाशी ठेवला. ग्राहकास तेवढे दिवस झळ लागली नाही, आणि लाभही मिळाला नाही.

दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. भाववाढीचेही तसेच असते. डॉलर चढला की नवा भाव लवकर लागू होतो. उतरला की ‘जुना माल संपू द्या’ असे ऐकावयास मिळते. अशा वेळी ग्राहकाने दुकानदाराकडे विचारणा करणे सर्वथा योग्य आहे.

खताची गोणी

ऊस उत्पादकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विषय हाच होय. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद व १७० किलो पालाश द्यावयाचे असते. याचा एकरी हिशेब डीएपी, युरिया व म्युरेट ऑफ पोटॅश यांत केला, तर डीएपीच्या सुमारे ३ गोण्या, पोटॅशच्या सव्वादोन गोण्या आणि ४५ किलोच्या युरियाच्या साडेसहा गोण्या लागतात.

या तिन्ही खतांचे डॉलरशी नाते वेगवेगळे आहे. युरिया मोठ्या प्रमाणावर देशात तयार होतो. त्यास लागणारा वायू पुष्कळसा बाहेरून येत असला, तरी विक्रीची किंमत सरकार ठरविते. डॉलर कितीही चढला तरी गोणीची किंमत तीच राहते आणि फरक सरकारी तिजोरी भरते. डीएपीचा निम्म्याहून अधिक भाग तयार स्वरूपात किंवा कच्च्या मालाच्या रूपाने बाहेरून येतो. त्याची किंमत नावापुरती मोकळी आहे. परंतु प्रसंग येताच सरकार मध्ये पडते. मे २०२१ मध्ये जागतिक भाव भडकून गोणी २,४०० रुपयांवर जाऊ लागली, तेव्हा सरकारने गोणीमागील अनुदान ५०० वरून १,२०० रुपये केले आणि शेतकऱ्यास ती १,२०० रुपयांसच मिळू दिली. २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. युक्रेनच्या युद्धामुळे जागतिक भाव चढले हे त्याचे मुख्य कारण. घसरत्या रुपयाने त्यात भर टाकली.

पोटॅशला असा भक्कम आडोसा राहिला नाही. पोटॅशच्या खाणी आपल्या देशात चालत नाहीत. कॅनडा, रशिया, बेलारूस, इस्रायल, जॉर्डन अशा देशांतून ते सर्वच्या सर्व आणावे लागते. एप्रिल २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत सुरू झाली, त्यापूर्वी पोटॅशची गोणी सव्वादोनशे रुपयांच्या आत मिळत असे. पुढील दोन-तीन वर्षांत तिची किंमत तिपटीहून अधिक झाली. अनुदानाचा दरही स्थिर नाही. २०२२-२३ च्या रब्बी हंगामात पालाशवर किलोमागे २३ रु. ६५ पैसे अनुदान होते. पुढील रब्बीस ते २ रु. ३८ पैसे राहिले. गोणीत ३० किलो पालाश असते, म्हणजे सुमारे ७१० रुपयांचे छत्र ७१ रुपयांवर आले. जागतिक भाव उतरल्याने ते कमी करण्यात आले हे खरे. पण छत्र लहान झाल्यावर डॉलरचा प्रत्येक चढ थेट गोणीवर पडू लागतो.

समजा, पोटॅशचा बंदरातील भाव टनास ३०० डॉलर आहे. डॉलर ८० रुपयांना असता गोणीची मूळ किंमत १,२०० रु., ९० रुपयांना असता १,३५० रु. बंदरापासून गावापर्यंतची वाहतूक, हमाली, विक्रेत्याचे कमिशन यांसाठी दोन्ही वेळा ३०० रु. धरले, तर गोणी १,५०० वरून १,६५० वर जाईल. डॉलर शेकडा साडेबाराने चढला, गोणी शेकडा दहाने चढली. गावातील खर्चाचा भाग रुपयांतच राहतो, म्हणून भाववाढ डॉलरपेक्षा थोडी कमी दिसते. विक्रेत्याने याहून अधिक वाढ सांगितली तर कार्यकर्त्याने गोणीवरील छापील किंमत पाहावी आणि छापील किमतीहून जास्त घेतले जात असल्यास तालुका कृषि कार्यालयाकडे कळवावे.

एकरी सव्वादोन गोण्यांवर ही वाढ ३४० रुपयांच्या आसपास होते. उसाच्या एकरी उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम मोठी नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. खरा अपाय निराळाच आहे. पोटॅश महाग दिसते, युरिया स्वस्त दिसतो, म्हणून शेतकरी पहिल्यात काटकसर करून दुसऱ्याची गोणी वाढवितो. ऊस हिरवागार व उंच दिसतो. पण पालाश अपुरे पडल्याने तो लोळतो, पाण्याचा ताण कमी सोसतो आणि साखरेचा उतारा घटतो. हुंडणावळीच्या बाजारात झालेला बदल अशा रीतीने जमिनीतील अन्नद्रव्यांचा समतोल बिघडवितो. ३४० रुपये वाचविताना एक टन ऊस जरी कमी भरला, तरी नुकसान बचतीच्या कित्येक पट होते.

उसाचा भाव मात्र रुपयांतच

रुपया घसरला की निर्यात करणाऱ्यास लाभ होतो, असे पुस्तकात लिहिलेले असते. एक टन साखर ५०० डॉलरला विकली, तर ८० च्या दराने ४०,००० रु. आणि ९० च्या दराने ४५,००० रु. हातात येतात. मग ऊस उत्पादकाने घसरणीचे स्वागत का करू नये?

कारण साखरेचा दरवाजा नेहमी उघडा नसतो. २०२१-२२ च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर निर्यात झाली व कारखान्यांना चांगला पैसा मिळाला. जून २०२२ पासून निर्यातीवर मर्यादा आल्या. २०२३-२४ च्या हंगामात देशातील भाव आवाक्यात राहावा म्हणून निर्यातीस परवानगीच देण्यात आली नाही. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची मोकळीक मिळाली. निर्यात बंद असता डॉलर ८३ झाला काय आणि ९० झाला काय, कारखान्याच्या गोदामातील पोत्यास त्याचा स्पर्श होत नाही.

उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार रुपयांत ठरविते. २०२४-२५ च्या हंगामासाठी तो क्विंटलला ३४० रु. व २०२५-२६ साठी ३५५ रु. ठरला, दोन्ही वेळा आधार १०.२५ टक्के उताऱ्याचा होता. हा दर वर्षातून एकदाच ठरतो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोस ३१ रु. ठरली आणि पुढे अनेक वर्षे तशीच राहिली. त्याच अवधीत डॉलर सत्तरीतून नव्वदीकडे गेला. श्रीपूरच्या शेतकऱ्याची स्थिती यावरून स्पष्ट होते: जे विकत घ्यावयाचे त्यातील काही वस्तू डॉलरबरोबर चढतात, आणि जे विकावयाचे ते सरकारी दराच्या खुंट्यास बांधलेले असते. शहरातील ग्राहकास साखर स्वस्त मिळावी हा हेतू गैर नाही. परंतु त्याची किंमत कोणीतरी देतच असतो, हे विसरता येत नाही.

कांद्याची कथा हीच आहे. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची मोठी आवक होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. मे २०२४ मध्ये ती टनास ५५० डॉलर किमान भाव व शेकडा ४० निर्यात शुल्क या अटींवर खुली झाली. ही अटच डॉलरमध्ये होती, म्हणजे त्या वेळच्या दराने किलोस सुमारे ४६ रुपयांच्या खाली कांदा बाहेर पाठविता येत नव्हता. सांगोल्याचे डाळिंब व पंढरपूर भागातील द्राक्षे यांना मात्र असा अडसर सहसा लागत नाही. तेथे घसरत्या रुपयाचा काही अंश बागायतदारापर्यंत पोहोचू शकतो, जर व्यापाऱ्याने सौदा जुन्या दराने करून ठेवला नसेल तर.

खरेदीचा विचार

रुपया घसरतो आहे असे ऐकून वर्षाचे खत एकदम खरेदी करावे काय, असा प्रश्न शेतकरी विचारतात. आडसाली उसास स्फुरद व पालाश दोन हप्त्यांत द्यावयाचे असते, निम्मे लागणीच्या वेळी आणि निम्मे मोठ्या बांधणीच्या वेळी. दुसऱ्या हप्त्याची गोणी आधी घ्यावी की नंतर, याचा निर्णय व्याजावर करावा. हातात स्वतःची रक्कम असेल आणि कोरडी जागा असेल, तर आधी घेण्यास हरकत नाही. परंतु शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने पैसे उचलून घेतल्यास पाच महिन्यांत शेकडा दहा खर्च होतात. डॉलर एवढ्या अवधीत शेकडा दहाने चढल्याची वर्षे थोडी आहेत. शिवाय जागतिक भाव खाली आला, तर आधी घेतलेली गोणी महागच ठरते.

माती परीक्षण करून घेणे हा अधिक खात्रीचा उपाय आहे. भारी काळ्या जमिनीत पालाश पुष्कळदा भरपूर आढळते. अशा ठिकाणी शिफारशीतील मात्रा अहवालाप्रमाणे कमी करता येते, आणि ही बचत अंदाजाने केलेल्या काटकसरीसारखी अंगाशी येत नाही. तोडणीनंतरचे पाचट न जाळता सरीत कुजविल्यास त्यातील पालाश जमिनीतच राहते. ते जाळून पुन्हा कॅनडाचे पोटॅश विकत आणणे हा विचित्र व्यवहार आजही अनेक शिवारांत चालतो.

ज्या कारखान्यांना आसवनी जोडलेली आहे तेथे मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात उसाने जमिनीतून उचललेले पालाश असते. हे सांडपाणी आटवून व जाळून जी राख मिळते तिच्यापासून केलेल्या खतास मळीजन्य पोटॅश म्हणतात. त्यात किमान १४.५ टक्के पालाश असते आणि ऑक्टोबर २०२१ पासून ते अनुदानाच्या योजनेत घेण्यात आले आहे. म्युरेट ऑफ पोटॅशच्या एका गोणीइतके पालाश मिळविण्यास याच्या ५० किलोच्या चार गोण्यांहून थोडे अधिक लागते, म्हणून दूरवर वाहून नेणे परवडत नाही; कारखान्याच्या परिसरातील गावांस ते सोयीचे पडते. भाव विचारताना गोणीची किंमत न पाहता एक किलो पालाश किती रुपयांस पडले हे काढावे. १,६५० रुपयांच्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते ५५ रुपये किलो पडते. मळीजन्य पोटॅशची ५० किलोची गोणी ४०० रुपयांच्या आत मिळत असेल, तर ते त्याहून स्वस्त आहे.